चाकोरीएवढी गाडी

१९६४ च्या उन्हाळ्यात कडेगावच्या बाजूच्या एका वाडीतल्या दूध सोसायटीने दादू कांबळे या ड्रायव्हरचा पिकअप नाकारला. कारण तोंडी देण्यात आलं: गाडीची चाकं वाटेच्या चाकोरीत बसत नाहीत. पुढच्याच आठवड्यात दादू ती गाडी घेऊन साताऱ्याला आमच्या गॅरेजवर आला.

गॅरेज मामाचं होतं. मी त्याआधी काही वर्षं सांगलीच्या एका दैनिकात बातम्या लिहीत होतो. मामाचे गुडघे गेले तेव्हा इकडे आलो आणि राहिलो. आमच्याकडे मुख्यतः डिस्पोजलच्या गाड्यांचं काम असे. लष्कराने वापरून लिलावात काढलेल्या जीप आणि पिकअप त्या काळी पुण्याहून खाली येत आणि सातारा-सांगलीतल्या शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या हाती पडत. गाड्या मजबूत, पण दुसऱ्याच कुठल्या तरी जमिनीसाठी बनवलेल्या. इथल्या कामाला त्या जुळवून देणं हा आमचा धंदा. कुणाला गाडी उंच हवी, कुणाला रुंद, कुणाला मागून ताठ. आणि सगळ्यांना ती संध्याकाळपर्यंत हवी असे. माझं उमेदीचं सगळं आयुष्य या जुळवाजुळवीत गेलं. त्यातलं बरंचसं आता आठवत नाही. पाटे तुटत, आम्ही बदलत असू. रस्ता तोच असल्यामुळे ते पुन्हा तुटत.

बाहेरच्या माणसाला पाटे म्हणजे काय ते सांगायला हवं. गाडीचं सगळं वजन चाकांच्या वर, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांवर पेललेलं असतं. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. ओझं वाढलं की ते सपाट होतात, उतरलं की पुन्हा वाकतात. बरीच वर्षं झाली की वाकणं विसरतात, आणि गाडी त्या बाजूला बसते. मग मालक येतो. लोणंदच्या एका व्यापाऱ्याने कांद्याच्या पोत्यांसाठी मागचे पाटे इतके वाढवून घेतले होते की रिकामी गाडी शेपूट वर करून चाले आणि पोरं मागे लागत. पुढची बाजूही तेवढीच उचलून गाडी पुन्हा सपाट करून द्या, म्हणून तो आमच्याकडे आला. असली कामं वर्षाला बरीच असत.

दादू तेव्हा पस्तिशीचा असेल. फौजेत ड्रायव्हर होता, तिथून सुटून आला होता. घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं. वाडीत म्हातारी आई एकटी होती आणि आता तुला सोडून कुठे जाणार नाही, असं त्याने तिला सांगितलं होतं. जवळचं होतं नव्हतं ते घालून त्याने पिकअप घेतला. वाडीत त्या गाडीला मिळण्यासारखं कायमचं काम एकच होतं: रोज सकाळी सोसायटीचं दूध डांबरी सडकेपर्यंत पोचवणं. तिथून दूध संघाची लॉरी ते घेऊन जाई. बैलगाडीने दूध सडकेला लागेपर्यंत ऊन चढे आणि उन्हाळ्यात अर्धं नासे. सोसायटीला मोटार हवी होती, आणि वाडीत मोटार एकच होती. हे काम मिळालं नाही तर मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं, एवढाच रस्ता दादूपुढे होता. हे सगळं त्याने पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आत सांगून टाकलं.

"आवं मालक, माजी गाडी बैलगाडीएवढी रुंद करून द्या," तो म्हणाला.

आमचे शंकर मिस्त्री एका जीपखाली होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "बैलबी जुपून देऊ का?"

"बैल हाईत की मिस्त्री. समदं सोसायटीत बसल्यात."

मिस्त्री हसले नाहीत. गिऱ्हाइकाच्या विनोदाला ते हसत नसत. बाहेर येऊन त्यांनी दादूच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर टेपने मोजलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मागणी विचित्र होती, पण वेड्याची नव्हती.

काळ्या जमिनीतल्या गाडीवाटेवर बैलगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावांनी दोन खोल घळी पडतात. ती चाकोरी. वर्षानुवर्षं तीच रुंदी, कारण त्या भागातल्या गाड्या एका मापाने बनलेल्या असतात. लष्करी पिकअपची चाकं त्या मापाहून जवळ असतात. त्यामुळे त्याचं एक चाक घळीत उतरतं आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर चढतं. गाडी एका अंगावर कलून चालते. माल पोत्यांचा असेल तर निभतं. दूध कलत्या गाडीत चालत नाही, कॅन आडवे होतात. शिवाय उंचवट्यावर चढणारं चाक घळीचा काठ फोडत जातं, आणि मागून येणाऱ्या बैलगाडीला तिथे गचके बसतात. म्हणजे सोसायटीने सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. ते पूर्ण होतं का, हा वेगळा प्रश्न.

मी दादूला म्हणालो, "वाट बघितल्याशिवाय माप ठरवता येणार नाही."

"मग चला की. गाडी दारातच हाय."

वाडीत आम्ही आधी भिकू सुताराकडे गेलो. वाडीतल्या बहुतेक बैलगाड्या त्यानेच केलेल्या होत्या. सोसायटीने नाकारलेल्या माणसाला माप देताना तो कचरेल असं मला वाटलं होतं. तो कचरला नाही. आखाच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, मापाची काठी त्याने आढ्यावरून काढून दादूच्या पुढे टाकली.

"घे. माप काय कुनाच्या बापाचं न्हाई."

"नाना रागावतील," दादू म्हणाला.

"रागावू दे. त्यांच्या चाकाची आरी मोडली का येत्यातच की हितं."

नाना म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. साठीचे, बारीक, कमी बोलणारे. आम्ही वाटेवर चाकोरी मोजत होतो तेव्हा ते चालत आले आणि बाजूला उभे राहिले. मी त्यांना गॅरेजवाला म्हणून नमस्कार केला. त्यांनी घरी चला म्हटलं. ओसरीवर मला कपबशीतून चहा आला. दादू अंगणात गाडीपाशी थांबला आणि आपल्या फौजी बाटलीतलं पाणी प्याला.

"चाकं चाकोरीत बसली, तर काम याला देणार का?" मी नानांना विचारलं.

नानांनी अंगणात बघितलं. तोवर भिकू सुतार आणि आणखी काही माणसं तिथे जमली होती.

"आमी गाडीला न्हाई म्हनलं, मानसाला न्हाई," नाना म्हणाले. "गाडी चाकोरी मोडती, मागनं बैलं ठेचकाळत्यात. चाक बसलं तर काम दादूचं. चार मानसांत सांगतो."

परतताना दादू म्हणाला, "चार मानसांत बोलले न्हवं? तुमी ऐकलं न्हवं?" मी ऐकलं होतं.

चाकं बाहेर काढायला चकत्या लागतात. मोटारीचं चाक एका गोल हबवर बसतं. हबमधून पोलादी दांडे बाहेर आलेले असतात, त्यांना स्टड म्हणतात. चाक त्या स्टडवर चढवून वरून नट आवळायचे. चाक बाहेर सरकवायचं असेल तर हब आणि चाक यांच्यामध्ये जाड पोलादी चकती घालावी लागते. स्वस्तातली पद्धत म्हणजे साधी चकती घालून स्टड लांब करायचे. ती आम्ही करत नसू, कारण लांब स्टड वाकतो. दुसऱ्या पद्धतीत चकती हबला पक्की आवळतात, आणि चाकासाठी चकतीलाच वेगळे स्टड असतात. दादूच्या गाडीला एकेका बाजूला चार बोटांहून थोडी कमी जाडीची चकती लागणार होती. तेवढी जाड चकती आम्ही आधी कधी बसवली नव्हती.

मी त्याला धोका सांगितला. चाक बाहेर गेलं की ओझ्याचा रेटा वाढतो. बेअरिंग लवकर झिजतं, स्टिअरिंग जड होतं, आणि ओझं फार झालं तर स्टड तुटतो. तुटला की चाक निघतं.

"कितीपत्तोर वज्जं घालायचं?" त्याने विचारलं.

मी आकडा सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून पाठ केला.

चकत्या सांगलीत करून घ्यायच्या होत्या. तिथे भूपाल म्हणून एक टर्नर होता, जैन, हरिपूरच्या रस्त्याला त्याचा लेथ होता. बिडाची चकती तडकते, म्हणून त्याने एका मोडक्या लष्करी ट्रकच्या एक्सलचं पोलाद शोधून आणलं. काम त्याचं सुबक, पण संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून लेथ वेळेवर बंद होई, मग गिऱ्हाईक दारात कितीही खोळंबलेलं असो. तीन चकत्या झाल्या आणि उन्हं उतरली.

"भूपालअण्णा, एकच राहिली," दादू म्हणाला.

"राहू दे की वो. तीन चाकांनी तुमी जाताय कुठं?" भूपालने लेथचा पट्टा उतरवला. "आन् एक सांगतो. चकती मी करीन. पण तुमची ही गाडी दुधाचीच ठेवा. वरातीची करू नका. नवरा-नवरी बसवून नाचवलीत तर माझं नाव सांगायचं न्हाई."

चौथी चकती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली.

साताऱ्यात आम्ही आधी पुढची बाजू घेतली. पुढचे पाटे बसलेले होते, त्यामुळे गाडी नाकावर वाकून चाले आणि हौद्यातला माल ब्रेक मारला की पुढे घसरे. दूध नेणाऱ्या गाडीचा हौदा सपाट हवा. इथे गिऱ्हाइकांची एक चूक नेहमी होते. त्यांना वाटतं पाटे उंच केले की सगळी गाडी वर जाते. वर जाते ती चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि तिच्यावर बसलेलं इंजिन. एक्सल चाकाच्या मधोमध असतो, तो आहे तिथेच राहतो. मधल्या उंचवट्याला इंजिनचं तेलाचं चेंबर आता लागणार नव्हतं. एक्सल घासणार होता, आणि घासू द्यायचा होता, कारण तो भक्कम पोलादाचा असतो.

आम्ही पुढे एकेक पाटा वाढवला आणि पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या थोड्या लांब केल्या. असं केलं की पुढचा एक्सल किंचित फिरतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते एक्सलच्या ठरावीक कलामुळे. तो कल बिघडला की गाडी रस्ताभर भटकते. महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्याने दुसऱ्या कुणाकडून गाडीचं नाक असंच वर करून घेतलं होतं. पाहुण्याला बसल्या जागेवरून आभाळ दिसलं पाहिजे, अशी त्याची कल्पना. घाट उतरला तो सरळ आमच्याकडे आला. "आभाळ लय दिसलं," तो म्हणाला, "आता रस्ता दिसंल असं कायतरी करा." त्यावर उपाय साधा आहे. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून कल पूर्वीसारखा आणायचा. दादूच्या गाडीला त्या पाचरी आम्ही पहिल्यापासूनच घातल्या.

मग चकत्या. हब खरवडून साफ केलं, चकती हबच्या कंगोऱ्यावर घट्ट बसते की नाही ते रंग लावून पाहिलं, कारण ती कंगोऱ्यावर नाही बसली तर सगळं वजन स्टडवर येतं. नट समोरासमोरच्या जोडीने आवळले. गाडी खाली उतरवली तेव्हा ती चारी बाजूंना पाय फाकून उभ्या राहिलेल्या बैलासारखी दिसत होती. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"शोभा न्हाई. पर बसंल," ते म्हणाले.

ती बसली. ठरलेल्या सकाळी वाडीतली बरीच माणसं वाटेवर उभी होती. मी भिकू सुताराजवळ होतो. दादूने गाडी हळूच वळवून चाकोरीत उतरवली आणि दोन्ही बाजूंची चाकं घळीत गेली. हौद्यात सोसायटीचे भरलेले कॅन होते. गाडी वाटेतल्या ओढ्यातून पलीकडे चढली, मागून नानांची बैलगाडी गेली, आणि बैलांना गचका बसला नाही. सडकेला एकाही कॅनचं झाकण ओलं नव्हतं. नानांनी वाकून चाकोरीचा काठ पाहिला.

"बसली," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी सोसायटीची बैठक झाली. तिला मी नव्हतो. पुढचं दादूने सांगितलेलं आहे, आणि नंतर मी नानांना विचारलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं नाही. बैठकीत एक सभासद म्हणाला, "चाकाचं मिटलं. पर कॅन कुनाच्या हातनं जानार, त्येचं काय?" दादू दाराबाहेर पायरीवर बसला होता. मग नाना म्हणाले, "मी शब्द चाकाचा दिला हुता. चाक बसलं. काम त्येला द्यावं लागंल." दुसऱ्यांनी अट घातली. शेवटी नानांनी ठराव लिहिला तो असा: गाडी दादू कांबळे याची; कॅन चढवायला आणि उतरवायला सोसायटीचा माणूस बरोबर राहील; ड्रायव्हरने कॅनला हात लावायचा नाही, लावल्यास काम बंद. दादूला आत बोलावून ते वाचून दाखवण्यात आलं. त्याने मान्य केलं.

"मान्य का केलंस?" मी त्याला विचारलं.

"आईला सांगितलंय न्हवं, जात न्हाई म्हनून," तो म्हणाला. "आन् हात न्हाई लावला तर हाताला बराच आराम. फौजेत कुनी येवढा आराम दिला न्हवता."

वर्षभर ते चाललं. सोपाना नावाचा सोसायटीचा माणूस कॅन चढवी आणि शेजारी बसे. सडकेला तो कॅन उतरवून लॉरीवाल्याच्या ताब्यात देई. दादू स्टिअरिंगवरून उतरत नसे. सकाळी निघण्याआधी तो हातोडीने प्रत्येक नट वाजवून त्याचा आवाज ऐके, ही त्याची फौजेतली सवय. दर दोन-तीन महिन्यांनी स्टड बघायला मी किंवा मिस्त्री वाडीला जात असू. दूध वेळेवर पोचू लागल्यावर वाडीत म्हशी वाढल्या. शेजारच्या वस्तीचं दूधही सोसायटीकडे येऊ लागलं. कॅन वाढले. मी सांगितलेल्या आकड्याच्या ते वर गेले तेव्हा मी दादूला म्हणालो, "दोन फेऱ्या कर."

"सोपाना दुसऱ्या फेरीला येत न्हाई म्हनतो."

"मग नानांना सांग, ओझं कमी घालायला."

"सांगू? आन् त्ये म्हनले, दुसरी गाडी बघतो, मंग?"

त्याने सांगितलं नाही. मी नानांना एकदा सांगितलं. बघू म्हणाले. गाडी चालत होती, म्हणून बघायचं राहिलं.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर मी पहिल्या एस.टी.ने तिथे गेलो. पिशवीत नवे स्टड होते, बदलायचे म्हणून नेले होते. सडकेवर उतरलो तेव्हा दुधाची गाडी तिथे असायला हवी होती. नव्हती. थोडं थांबून मी वाटेने आत चालत गेलो.

गाडी ओढ्यात होती. डाव्या बाजूचं मागचं चाक चकतीसकट निघून पाण्यात आडवं पडलं होतं आणि हब गाळात रुतलं होतं. हौदा त्या कोपऱ्यावर कलला होता, सगळे कॅन घसरून तिथे गोळा झाले होते. एक उलटला होता आणि ओढ्याचं पाणी खालच्या अंगाला पांढरं झालं होतं. बाकीचे तिरपे उभे होते, झाकणं शाबूत. दादू काठावर हाताची घडी घालून उभा होता. त्याला लागलं नव्हतं.

"सोपाना कुठाय?" मी विचारलं.

"नानांना इचारायला गेलाय."

"काय विचारायला?"

"मी कॅनला हात लावू का म्हनून."

कोपऱ्यात रुतलेला भरला कॅन एका माणसाला निघत नाही. त्याला दोन्ही बाजूंना कड्या असतात आणि दोघांनी मिळून उचलावा लागतो. सोपानाने एकट्याने प्रयत्न केला होता, जमलं नव्हतं. दादू म्हणाला होता, मी धरतो. सोपाना म्हणाला होता, मला विचारू दे. आणि तो वाडीकडे पळाला होता. ऊन वर येत होतं.

"लॉरी किती वेळ थांबते?"

"थांबत न्हाई. हार्न देती आन् जाती."

"चल, आपण दोघं उचलू. इथं कोण बघतंय?"

"समदं बघत्यात मालक." त्याने पलीकडच्या उसाच्या फडाकडे हनुवटी केली. तिथे दोन माणसं पाण्याचं दारं धरायचं सोडून उभी होती. "तुमी उचला. मी हात लावला तर उद्यापास्नं गाडी दारात उभी. मंग आईला काय सांगू?"

मी एकट्याने उचलून पाहिलं. कॅन जागचा हलला, वर आला नाही. दादूने गाडीतलं पोतं काढलं, ओढ्यात भिजवलं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते कॅनवर टाकलं. असं त्याने आणखी एक दिलं. यापलीकडे आम्ही काही केलं नाही, कारण करण्यासारखं होतं ते ठरावात बसत नव्हतं.

नाना आले तेव्हा त्यांच्यामागे बैलगाडी होती. ती सोपाना हाकत होता. उतारावर बैल पाण्याला बुजले आणि सोपाना उतरून त्यांची वेसण धरून उभा राहिला. नानांनी आधी चाक बघितलं, मग कॅन, मग सूर्याकडे बघितलं. वहाणा काठावर काढल्या, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. पहिल्या कॅनची एक कडी त्यांनी धरली. दुसरी कडी मोकळी होती. मी पुढे झालो.

"तुमी चाकाचं बघा," नाना मला म्हणाले. मग मान न वळवता, "धर रं."

दादू जागचा हलला नाही. "सोपानाला म्हना की नाना."

"सोपाना बैलं धरतोय."

"ठरावात लिवलंय."

"मी लिवलंय. धर म्हनतो न्हवं?"

"उद्या काय?"

"उद्याचं उद्या. लॉरी आजची हाय."

उसातली माणसं बांधावर आली होती. दादू पाण्यात उतरला. त्याने आधी हात ओढ्यात धुतले, मग कडी धरली. दोघांनी कॅन वर काढला आणि बैलगाडीपर्यंत नेऊन ठेवला. मग दुसरा. नानांना दम लागत होता, पण ते थांबले नाहीत आणि दादूशी आणखी काही बोलले नाहीत. सोपाना बैलांकडे तोंड करून उभा होता. सगळे कॅन गाडीवर गेल्यावर नाना त्या गाडीबरोबर सडकेकडे निघाले. वहाणा त्यांनी हातात घेतल्या होत्या.

सडकेवरून लॉरीचा हॉर्न ऐकू आला, पुन्हा आला. नाना वेळेत पोचले. लॉरीवाल्याने झाकणं उघडून वास घेतला. दोन कॅन परत आले, बाकीचे संघाने घेतले.

मी आणि दादूने जॅक लावून गाडी उचलली. हबमध्ये अडकलेले तुटक्या स्टडचे तुकडे काढले आणि नवे घातले. तुटलेले सगळे एकाच जागी, हबच्या पृष्ठभागालगत कापल्यासारखे तुटले होते. ओझं जास्त झालं की असेच तुटतात. दुपारी गाडी ओढ्यातून वर आली.

"कॅन किती भरायचे ते आता तू सांगायचं," मी त्याला म्हणालो.

"बघू," दादू म्हणाला.

त्याने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण त्यानंतर मी गेलो तेव्हा त्याच्या गाडीत कॅन मी सांगितलेल्या आकड्यात बसतील एवढेच होते, आणि वाढीव दुधासाठी दुसरी फेरी सुरू झाली होती. दुसऱ्या फेरीला सोपाना येत नसे. काही दिवसांनी तो पहिल्या फेरीलाही येईनासा झाला. सोसायटीने दुसरा माणूस नेमला नाही.

१९६७ च्या पावसाळ्याआधी मी स्टड बदलायला शेवटचा वाडीला गेलो. भल्या सकाळी दादू सोसायटीच्या दारातून एकेक कॅन दोन्ही हातांनी उचलून हौद्यात ठेवत होता. सोसायटीचा कारकून दारात उभा होता. ठरावातली ती अट रद्द केली का, असं मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं, नाही. ती अजून आहे.